न वाचलेल्या कायद्यावर सही

विधेयक कुलपात ठेवून त्याच्यावर लोकांच्या सह्या मागणारे तुम्ही लबाड आहात. चूक झाली, विसर पडला, वेबसाइट बंद पडली, असलं काही नाही. लबाड. हरकती मागवल्या आहेत अशी पेपरात जाहिरात देता आणि हरकत कशावर घ्यायची तेच दाखवत नाही. ताट झाकून ठेवायचं आणि पाहुण्याला विचारायचं, मीठ कसं झालंय! नाव मुद्दाम घेतलेलं नाही. नाव घेतलं की एकजण पुढं येऊन दिलगिरी व्यक्त करतो आणि बाकीचे निवांत जेवायला जातात.

शिव्या इथंच संपल्या. पुढं फरजानाची गोष्ट आहे, आणि त्या आठवड्यात तिच्या वाट्याला जी माणसं आली ती शिव्या देण्यासारखी नव्हती.

वडवणीतनं तेलगावकडं निघालं की वस्ती विरळ होते, तिथं एका कडुलिंबाखाली फरजानाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं आणि जुन्या टायरांची रास. मुळात ते तिच्या नवऱ्याचं, मतीनचं. मतीननं कावीळ अंगावर काढली आणि तो गेला. नवऱ्यामागं घरात बसायची इद्दत पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी फरजानानं पत्र्याचं दार उघडलं आणि टायर खोलायची टॉमी हातात घेतली. सुरुवातीला ट्रकवाले केबिनमधूनच विचारायचे, "ओ बाई, मालक कुठाय?"

"मालक कब्रस्तानात हाय. टायर खोलू का तसंच जाताव?"

टायर तर खोलावंच लागायचं. मग हळूहळू ड्रायव्हर लोकांना तिच्या हाताची खात्री पटली. आता ते लांबूनच हॉर्न देतात, आणि बीडमध्ये हवा कमी वाटली तरी 'भाभीकडंच बघू' म्हणून तसेच रेटत वडवणीपर्यंत येतात.

तिची सासू रहेमतबी बाजाराच्या दिवशी त्याच लिंबाखाली पपया आणि मोसंबी मांडून बसते. दोघींचं घर त्या जागेवर चालतं. आणि त्या जागेच्या परवान्यावर नाव अजून मतीनचं. नाव बदलायला फरजाना ऑफिसात गेली तेव्हा टेबलामागच्या माणसानं सांगितलं, "थांबा, नवा कायदा यायलाय. त्यात बसलं तर बसलं."

"आन न्हाई बसलं तर?"

त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

नवा कायदा म्हणजे रस्त्याकडेला पोट भरणाऱ्यांसाठी आणायचं ठरलेलं विधेयक. टपऱ्या, हातगाडे, गॅरेज, पंक्चरवाले, सगळे त्यात. पेपरात चार ओळी आल्या होत्या. ओळखपत्र मिळणार, विमा मिळणार, जागा ठरवून देणार. खाली बारीक अक्षरात, मसुदा वेबसाइटवर पाहावा. वेबसाइट उघडली की गोल चक्कर फिरायचं, फिरायचं, आणि 'लवकरच उपलब्ध' एवढं येऊन थांबायचं.

अशात भारत आला. भारत हा एका साहेबांचा माणूस. साहेब म्हणजे ज्यांच्या वाढदिवसाला वडवणीपासून अंबाजोगाईपर्यंत फलक लागतात ते. भारत तिशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि स्वभावानं तसा गोड. हातात पाठिंब्याचं पत्र.

"भाभी, हितं एक सही टाका. शुक्रवारी बीडला साहेबांचा सत्कार हाय. तव्हा कायद्याला रस्त्याकडंच्या समद्या लोकांचा पाठिंबा म्हणून हे द्यायचंय."

"वाच."

"त्यात काय वाचायचंय आता..."

"वाच म्हणलं की. माझे हात काळे हायत."

भारतनं वाचलं. 'आम्ही खाली सह्या करणार, सदर विधेयक संपूर्ण वाचले असून ते आम्हांस मान्य आहे.'

"कुणी वाचलंय?"

"वाचलंच असंल की कुणीतरी."

"तू?"

"मला काय करायचंय वाचून? साहेबांनी वाचलंय."

"हे बघ भारत. जागा मतीनच्या नावची हाय. मतीन न्हाई. नव्या कायद्यात ती माझी ऱ्हाती का? तेवढं सांग, आत्ता सही करते."

"ऱ्हाईलच की! कावून न्हाई ऱ्हाणार?"

"कुठं लिवलंय?"

भारतनं फोन काढला आणि साहेबांचं भाषण लावलं. हा कायदा म्हणजे कष्टकऱ्यांच्या डोक्यावरचं छत आहे, असं साहेब म्हणत होते. टाळ्या पडल्या. फरजानानं भाषण शेवटपर्यंत ऐकलं आणि घमेल्यात हात धुतले.

"ह्यात नवरा मेलेल्या बाईचं कुठाय?"

"भाभी, चाँदचाचानं केलीय सही. पयली त्यांचीच हाय, बघा."

इथं ती थांबली. चाँदचाचा म्हणजे वडवणीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. मतीनला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा शब्द सगळा रस्ता मानतो. तिनं सही पाहिली, खरीच त्यांची होती. तरी तिचा हात काही पेनाकडं गेला नाही.

"उद्या ये," ती म्हणाली.

त्याच दुपारी तिच्या फोनवर एक मजकूर आला. कुणी लिहिला, कुठून निघाला, कुणाला ठाऊक. 'नवीन कायद्यात विधवांच्या टपऱ्या सील होणार. पुढे पाठवा.' फरजानानं ते खरंच धरलं. सकाळी 'कुठं लिवलंय' म्हणून भारतला अडवणारी हीच बाई. पण चांगलं सांगणाऱ्याला तिनं कागद मागितला, वाईट सांगणाऱ्याला मागितला नाही. तिनं तो मजकूर भाजीवालीला वाचून दाखवला, बांगडीवाल्या अनिसाला दाखवला, रसवंतीवालीला दाखवला. रस्त्याकडेला एकट्या बसणाऱ्या बायका काही कमी नाहीत. पाहता पाहता सगळ्यांची तोंडं उतरली.

रहेमतबीनं ते ऐकलं आणि कुणालाही न सांगता ती तडक चाँदचाचांच्या गॅरेजवर गेली. चाचा एका जीपखाली होते.

"चाँद, दुकान तुझ्या नावावर करून घे बाबा. घरात मर्द दिसला पायजे. नसता उचलून नेतीन समदं."

चाचा तसेच पाठीवर सरकत बाहेर आले. "कुणी सांगितलं?"

"समदा रस्ता बोलायलाय."

"रहेमतबी, ते दुकान फरजानाचं हाय. माझ्या नावावर आलं की उद्या माझी पोरं म्हणतीन आमच्या बापाचं हाय. माझा भरवसा तू धरशील. माझ्या मागं कुणाचा धरशील? जा, घरी जाऊन चहा पी. आन सुनंला म्हणावं, चाँदनं न्हाई म्हणलं."

हायवेला लागून असलेली, सावलीची, चालू धंद्याची जागा आपल्या पायानं चालत आली आणि माणूस नको म्हणाला. वर्तमानपत्रं असलं छापत नाहीत, म्हणून इथं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधरा आली. ती बीडच्या कोर्टात वकिली करते, राहते वडवणीत. स्कूटी एसटी स्टँडवर लावते आणि बसनं जाते. तिच्या गल्लीत बाभळी आहेत, त्यामुळं फरजानाची ती कायमची गिऱ्हाईक. फरजानानं काटा उपसला आणि ट्यूब घमेल्यात दाबता दाबता विचारलं.

"ताई, एक खरं सांगा. हा नवा कायदा चांगला हाय का वाईट?"

"मला माहीत न्हाई, भाभी."

फरजानाला वाटलं, बाई टाळतीय. "आवं, तुमी एवढ्या शिकलेल्या..."

"वाचलाच न्हाई तर काय सांगू? शोधला, मिळाला न्हाई. कोर्टात इचारलं. ज्याला इचारलं त्यानं मत दिलं. वाचलेला एकानंबी न्हाई."

फरजानाच्या हातातली ट्यूब पाण्यात तशीच राहिली. साहेबांना माहीत होतं, भारतला माहीत होतं, फोनमधल्या कुणालाही माहीत होतं. आणि जिला माहीत असायला हवं होतं ती एकटी म्हणत होती, मला माहीत नाही. म्हणून उठून जातही नव्हती, स्टूल ओढून बसली होती. फरजानाला एकदम इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. मतीन गेल्यापासून तिला खोटा धीर देणारे खूप भेटले होते. 'सगळं ठीक होईल' असं म्हणायचे आणि आपापल्या गाडीला किक मारायचे.

"मंग काय करावं? डोळे झाकून बसावं?"

"न्हाई. हातात जेवढं हाय तेवढं तर बघू. छापून काय आलंय? ओळखपत्र, विमा, जागा ठरवून देणार. बास. भाषणात काय हाय? छत. छत कुठल्या कलमात बसत नसतं. आता फेरीवाल्यांचा केंद्राचा जो कायदा आज चालू हाय, त्यात परवानेवाला वारला तर त्याच्या बायकोला, न्हाईतर त्याच्यावर पोट असलेल्या लेकराला, परवान्याची मुदत संपेस्तोवर तिथं बसता येतं. नवा कायदा हे ठेवणार, वाढवणार का काढणार, ते कुणीच बोललेलं न्हाई. जाहिरातीत न्हाई, भाषणात न्हाई."

"म्हंजे काढलं असंल."

"तसं म्हणायचं न्हाई, भाभी. आपल्याला दिसलं न्हाई, एवढंच म्हणायचं. त्याच्या म्होरं एक शब्द न्हाई."

फरजानानं फोन पुढं केला. "आन हे?"

यशोधरानं मजकूर वाचला. "कुणी लिवलंय?"

"माहीत न्हाई."

"तुमी कुणाकुणाला सांगितलं?"

"रस्ताभर."

यशोधरा हसली नाही, रागावलीही नाही. "मंग रस्ताभर परत जावं लागंल."

फरजाना गेली. दुकानावर सासूला बसवलं आणि एकेका टपरीवर जाऊन सांगितलं की काल मी दाखवलं ते कुणी लिहिलंय मला माहीत नाही, खरं का खोटं तेही माहीत नाही, आणि दुपारी सगळ्यांनी चाचांच्या गॅरेजात जमायचं. असं सांगायला छाती लागते. अनिसानं बांगड्यांवरचा कपडा झटकत टोमणा मारलाच, "काल सील, आज न्हाई. उद्या काय, सोनं वाटणार हायत का?" पण फरजाना वळली तशी तिनं हाक मारून पाण्याचा तांब्या पुढं केला. "घे. उन्हाची हिंडायलीस. आमच्यापस्तोर परत कोण येतं सांगायला? आन दुपारी चाचाकडं बसायचं असंल तर मी बी येते."

तो गुरुवार होता. दुपारी चाँदचाचांच्या गॅरेजात सगळे जमले. यशोधराला कोर्टाची सुट्टी टाकायला लावली होती. भारत पत्र घेऊन आला होताच, त्याला एका फरजानाची सही पाहिजे होती.

"चाचा," फरजाना म्हणाली, "तुमी वाचलंय का?"

चाचांनी हात पुसायच्या फडक्याची उगाच घडी केली. "मला वाटलं भारतनं वाचलं असंल."

"मला वाटलं साहेबांनी," भारत म्हणाला.

"आन साहेबांनी?"

"साहेब म्हणले, वरनं आलंय, चांगलंच असंल."

"आन बाकीचे तुमी?"

"आमी चाचाची सही बघून केली," कोपऱ्यातनं कुणीतरी बोललं, आणि सगळं गॅरेज खो खो हसलं. हसता हसताच सगळ्यांच्या ध्यानात आलं. सगळ्यांनी 'वाचले' म्हणून सही केली होती, आणि तो कायदा कसल्या कागदावर छापलाय हेसुद्धा कुणी पाहिलेलं नव्हतं.

"माझ्या निकाहाला," फरजाना म्हणाली, "निकाहाचा वकील आन दोन गवाह आतल्या खोलीत आले. पोराचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, नवऱ्यानं बायकोला द्यायची मेहेर किती, नगद किती, उधार किती, समदं सांगितलं. मंग इचारलं, कबूल हाय का. मी एवढीशी होते, भ्यालते, रडतबी होते. तरी ऐकून घेतलं आन मंगच मान हलवली. मेहेर न सांगता कबूल इचारलं असतं तर माझ्या अब्बानं त्या वकिलाला चहासुद्धा पाजला नसता. आन हितं, जल्मभराच्या जागेचा कागद हाय, आन पोराचं नाव बी कुणी सांगंना!"

"वकील तर आलीच हाय," चाचा यशोधराकडं बोट करत म्हणाले, "मसुदा आन गवाह तेवढे धुंडा." पुन्हा हशा झाला. पण आता हसण्यात जोर आला होता.

भारत हसला नाही. "भाभी, पत्र गेलं न्हाई तर साहेब इचारतीन, मोडता कुणी घातला. नाव सांगावं लागंल मला."

भारत खोटं बोलत नव्हता. साहेबांनी नाव लक्षात ठेवलं की त्या नावाचं कुठलंच काम कुठल्याच टेबलावर हलत नाही, हे वडवणीत शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

"माझं सांग," फरजाना म्हणाली. "तसंबी माझं काम कुठं हलायलंय?"

"पयलं माझं सांग," चाचा म्हणाले. "पयली सही माझी हाय, पयलं नावबी माझंच." अनिसानं बांगड्या वाजवत हात वर केला, "माझं कावून ऱ्हावं मंग?"

भारतनं पत्राची घडी केली आणि खिशात घातली. एक सही सोडली तर सगळ्या त्याच्याकडं होत्या. तो तसाच गेला असता तर कुणी त्याचा हात धरला नसता. तो बाहेर गेला, मोटरसायकलवर बसला, किक मारली. गाडी चालू झाली. मग बंद झाली. तो परत आत आला.

"माझी आई पालीला भाजी घेऊन बसती," तो खाली बघत म्हणाला. "बाप गेल्यापासनं. परवाना बापाच्याच नावचा हाय. साहेबाला मी इचारलं न्हाई कधी."

"कावून रे?" फरजानानं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"न्हाई म्हणले असते तर?"

त्यानं पत्र काढून चाचांच्या हातात दिलं. चाचांनी आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. मग एकेकानं मारली. शेवटी वरच्या 'संपूर्ण वाचले असून' या शब्दांवर फरजानानं रेघ मारली, तिच्या बोटाचा काळा डागही तिथं उमटला, आणि तिनं तो पुसला नाही.

नवं पत्र लिहायला संध्याकाळ झाली. यशोधरा लिहीत होती आणि सगळे एकदम सांगत होते. तिनं एकच अट घातली होती. जे पाहिलं ते पाहिलं म्हणायचं, जे ऐकलं ते ऐकलं म्हणायचं, उरलेलं विचारायचं. पहिली ओळ झाली, 'विधेयक आम्हाला कुणीही दाखवलेले नाही.' दुसऱ्या ओळीला फरजाना अडून बसली की ओळखपत्र आणि विमा देणार असाल तर मनापासून आभार, असं लिहायचंच.

"आभार कावून?" अनिसा उसळली. "अजून दिलंय काय त्यांनी?"

"दिलं तर चांगलंच हाय की. माझ्या मतीनला विमा असता तर दवाखान्यात आधी गेला असता. चांगल्याला चांगलं म्हणू. दिसलं न्हाई त्याचं काय, ते इचारू."

मग प्रश्न. पहिलाच, परवानेवाला वारल्यावर जागा कुणाची? त्याच्याखाली बाकीचे. आणि शेवटी, पाठिंबा नाही, विरोधही नाही, आधी दाखवा, वाचून सांगतो. या पत्रावर फरजानानं सही केली. भारतनं खिशातनं दुसरं पेन काढलं आणि आईच्या गावाचं नाव घालून आपलीही केली.

शुक्रवारी फरजाना, चाचा आणि यशोधरा बीडला गेले, सत्काराला नाही, हरकती घेणाऱ्या ऑफिसात. भारतनं गाडी आणली होती. साहेबांचीच होती, ते सत्काराच्या गडबडीत होते. ऑफिसच्या अलीकडं त्यानं सगळ्यांना उतरवलं. "म्होरं न्हाई येता येत मला. पण परत न्यायला येतो." चाचा म्हणाले, "ये रे. मी जुम्म्याची नमाज हितंच पढतो, सावकाश ये."

आवक टेबलावर एक चष्म्याचा बाबू होता. त्यानं पत्र पूर्ण वाचलं. वरवर नाही, ओळीवर बोट ठेवून. मग हळूच म्हणाला, "बाई, हरकती गोळा करायचा हुकूम आलाय. मसुदा मलापण दिलेला नाही. लोक येतात, पाठिंबा देतात, फोटो काढतात, जातात. हे कुणी विचारलंच नव्हतं." त्यानं शिक्का मारला, पोच दिली, पाणी मागवलं आणि शिपायाला सांगून त्यांना आत पाठवलं. त्याला नोकरी आहे, बायको-पोरं आहेत. एवढं तरी त्यानं केलं.

आतले अधिकारी पत्र हातात घेऊन म्हणाले, "अहो, हे विधेयक तुमच्याच हिताचं आहे."

"तुमी वाचलंय, साहेब?" यशोधरानं विचारलं.

अधिकाऱ्यांचा फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी तो उचलून पाहिला. "तुमचे मुद्दे वर कळवतो. यथावकाश उत्तर मिळेल. या आता."

चाचा उठले. यशोधरा पिशवी आवरू लागली. फरजाना उठली नाही. आपण इथं बसलोय आणि तिकडं लिंबाखाली म्हातारी सासू गिऱ्हाइकांना थोपवून धरत असेल, असं तिच्या मनात आलं. चाचांनी दुकान घेतलं नाही. यशोधरानं माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगितलं नाही. अनिसानं पाणी दिलं. भारत गाडी बंद करून परत आला. बाहेरच्या बाबूनं सगळं वाचलं. सगळ्यांनी आपापल्या वाटचं केलं होतं. ह्या माणसांचं फेडायचं कसं, तिला कळेना. इथनं तसंच उठून जायचं नाही, एवढं मात्र कळत होतं. घाबरायला तिच्याकडं आता काही निमित्तच उरलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "आमच्या लोकांनी त्यांचं केलं. तुमचं तेवढं ऱ्हायलंय. तुमचेबी आभार मानून जाईन मी, मला काय जड न्हाई ते. पण माझा नवरा गेला, त्याच्या मागं ती जागा माझी हाय का न्हाई? कायदा हातात असंल तर उघडा आन दाखवा. नसंल तर 'आमच्याकडं न्हाई' म्हणा, तसं ह्याच कागदावर लिवून द्या. हो म्हणा, न्हाई म्हणा, माहीत न्हाई म्हणा. तिन्हीतलं कायबी चालंल मला. पण बोला."